नमुना कुठे तुटला

आमच्या विभागातल्या चाचणीच्या छापील फॉर्मला अकरा रकाने होते. अकरावा रकाना असा होता: नमुना कुठे तुटला. त्यापुढे तीन पर्याय छापलेले होते, मध्यभागी, टोकाजवळ, पकडीत. लागू असेल त्यावर खूण करायची. चौथा पर्याय नव्हता. मी तेव्हा नागपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात धातुशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी होतो, वय चोवीस. त्या नसलेल्या चौथ्या पर्यायापायी माझा एक अख्खा उन्हाळा असा गेला की आजही कुठल्या कचेरीत कुणी छापील कागद पुढे सरकवला तर मी आधी शेवटचा रकाना वाचतो.

वय झाले की राग निवळतो म्हणतात. माझा निवळलेला नाही. तो का निवळू नये, हेच इथे लिहायचे आहे.

मी उमरेडचा. वडील छोट्या लायनीवर चाबीवाले होते. नागपूरहून उमरेडवरून नागभीडकडे जाणाऱ्या त्या अरुंद रुळांवर रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून ठरलेले अंतर पायी चालायचे, रूळ धरून ठेवणारी चाबी कुठे सैल झाली असेल तर ठोकायची, रुळाला तडा गेला आहे का पाहायचे आणि परत येऊन सांगायचे, हे त्यांचे काम. मी तीन वर्षांचा असताना त्यांनी मला खांद्यावर बसवून नागपूरला नेले आणि आमच्या घराने दीक्षा घेतली. मला त्यातले काही आठवत नाही. पण त्या दिवसापासून घरात एक गोष्ट ठरून गेली, की हा पोट्टा शिकणार. माझ्याआधी आमच्या घरात कुणी मॅट्रिकसुद्धा झाले नव्हते. उमरेडच्या शाळेतले गणिताचे गुरुजी उन्हाळ्याच्या सुट्टीत मला घरी बोलावून शिकवत. त्यांच्या पत्नी मला त्यांच्याच ताटातले वाढत. हे उपकार मी विसरलेलो नाही. उपकार मानायची सवय आम्हाला लहानपणीच लावलेली होती. ती सवय माणसाला किती खाली बघायला लावते, ते मात्र मला याच प्रकरणात कळले.

आमचे विभागप्रमुख हेच माझे मार्गदर्शक होते. त्यांना मी सर म्हणतो, अजूनही म्हणतो. पहिल्या वर्षी मला वसतिगृहात खोली मिळेना तेव्हा त्यांनीच चिठ्ठी लिहिली आणि खोली मिळाली. शिकवायचे फार छान. खडूने फळ्यावर काढलेली त्यांची आकृती पुसायला मन होत नसे. हे लिहिणे भाग आहे, कारण पुढे जे लिहिणार आहे तेही तितकेच खरे आहे.

माझा विषय होता अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या मिश्रधातूंचे कण बारीक करणे. धातू दिसायला एकसंध असला तरी आतून तो कणाकणांचा असतो. घासून गुळगुळीत करून, आम्लाचा हात फिरवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की ते कण फरशीसारखे एकमेकांना लागून बसलेले दिसतात. हे कण फार म्हणजे फारच बारीक ठेवता आले, आणि धातू गरम करून अगदी सावकाश ओढला, तर तो तुटत नाही, लांबत जातो. कारण कण एकमेकांवरून सरकतात. जवसाच्या पोत्यात हात घातला तर तो कोपरापर्यंत आत जातो, तुरीच्या पोत्यात तसा जात नाही. आमच्या भागात हे कुणालाही सांगावे लागत नाही. असा धातू मिळाला की त्याचा पत्रा तापवून साच्यावर ठेवायचा आणि हवेच्या दाबाने फुग्यासारखा साच्यात फुगवायचा. जोड नाही, खिळा नाही, वाकडातिकडा भाग एका तुकड्यात तयार. बाहेरच्या देशांत विमानांसाठी हे सुरू झाले होते आणि आम्ही त्याबद्दल मासिकांत वाचत होतो.

आईला मी हे समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. कण हा शब्द तिला लागला नाही, म्हणून मी रवा म्हणालो. तुपाला असतो तसा धातूलाही रवा असतो आणि आम्ही तो बारीक करतो.  ती म्हणाली, "रवाळ तूप कढवता नाही आलं म्हणजे बारीक रवा पडते. तुह्या कॉलेजात मुद्दाम बिघडवाले शिकवतात काय गा?"

कण बारीक ठेवण्यासाठी आम्ही अ‍ॅल्युमिनियममध्ये तांबे आणि अगदी थोडे झिर्कोनियम घालत होतो. झिर्कोनियमचे सूक्ष्म ठिपके खुंट्यांसारखे कणांच्या कडा अडवून धरतात, कणांना वाढू देत नाहीत. ते झिर्कोनियम बाहेरगावच्या एका संस्थेतून पाच महिने पत्रे लिहून लिहून मिळाले होते. त्यात दोनच नमुने होण्याइतका धातू तयार झाला. दोनच. हे ध्यानात ठेवावे.

आता मामांबद्दल. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा सहायक, पन्नाशीचे, पूर्वी कापड गिरणीच्या वर्कशॉपमध्ये असलेले. धातू ओढायचे आमचे यंत्र बांधकामाच्या सळया तोडण्यासाठी आणलेले होते. त्याचा सर्वांत कमी वेगही माझ्या कामासाठी पन्नास पट जास्त होता. सरांनी सांगितले, या यंत्रावर होणार नाही, नुसते कण मोजून प्रबंध लिही.  पुढच्या आठवड्यात मामांनी कबाडीतून एक जुना गिअरबॉक्स आणला, ग्रीस लावले, यंत्राच्या मोटरला जोडला, आणि मला म्हणाले, "हात लावून पाय. हलून राहिलं का?"

"नाही हलत, मामा."

"हलून राहिलं. तुले दिसत नाही. चहा पिऊन ये, मंग पाय."

खरेच, चहा पिऊन आलो तेव्हा खडूची खूण जवसाच्या दाण्याएवढी सरकलेली होती. भट्टीही त्यांनीच गुंडाळली, मातीच्या नळीवर तार फिरवून. ते मला नावाने हाक मारत नसत. उमरेड म्हणत. काय गा उमरेड, आला का. उमरेड, जेवला का.

एप्रिलमध्ये एका शुक्रवारी पहिला नमुना लावला. सकाळी दहाला भट्टी तापली आणि यंत्र सुरू केले. नमुन्याचा मधला ओढायचा भाग एक इंचाचा होता. साधे अ‍ॅल्युमिनियम त्या तापमानाला दीड इंच होईपर्यंत तुटून जाते. आमचे अकरा वाजता दोन इंच झाले. बाराला तीन. वीज जाईल म्हणून मी सारखा बटणाकडे बघत होतो. मामांनी डबा उघडला पण जेवले नाहीत, पोळी हातात धरून भट्टीच्या फटीतून बघत बसले.

"माही बुढी शेवया अशाच ओढते," ते म्हणाले. "पण तिच्या तुटते."

अडीचच्या सुमारास साडेपाच इंच झाले आणि यंत्राचा डोक्याकडचा भाग वर जाऊन टेकला. आणखी वर जायला जागाच नव्हती. आम्ही बंद केले, गार होऊ दिले आणि नमुना काढला. अगरबत्तीच्या काडीएवढा बारीक, फिकट राखाडी, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा. कुठे मान पडलेली नाही, म्हणजे तुटण्याआधी धातू जिथे आवळतो तशी जागाच नाही. इतका सुंदर पदार्थ मी तोपर्यंत हातात धरला नव्हता. मामांनी तो दोन बोटांत घेतला, हलकेच वाकवून पाहिला आणि ताबडतोब माझ्या हातात परत दिला, जसे कुणी दुसऱ्याचे तान्हे मूल परत देते.

मी फॉर्म भरला. दहा रकाने भरले. अकराव्यापुढे तीनही पर्यायांवर रेघ मारली आणि हाताने लिहिले, नमुना तुटला नाही. आणि तो फॉर्म घेऊन धावतच सरांच्या खोलीत गेलो. शाबासकी मिळणार याची मला इतकी खात्री होती की चेहऱ्यावरचे हसू दाबायचेही मला सुचले नाही.

सरांनी फॉर्म वाचला. नमुन्याकडे पाहिले नाही. म्हणाले, "ही टेस्ट अपूर्ण आहे."

"सर, यंत्राची जागा संपली. नमुना तुटला नाही."

"टेन्साइल टेस्ट म्हणजे तुटेपर्यंत ओढणं. पहिल्या वर्षाला शिकवतो आपण हे. तुटला नाही तर टेस्ट झाली नाही."

"पण सर, साडेपाच पट..."

"किमान साडेपाच पट. नेमका आकडा कुठे आहे?"

शास्त्र म्हणून त्यांचे हे म्हणणे अगदीच चूक नव्हते, हे मी मान्य करतो. आकडा अपुरा होता. पण अपुरा आकडा आणि खोटा आकडा यांत फरक असतो, आणि तो फरक माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होता. मी उभाच राहिलो. तेव्हा ते खोलीत बसलेल्या दुसऱ्या एका प्राध्यापकांकडे पाहून हसले आणि म्हणाले, "यांना सगळीकडे सवलत पाहिजे. प्रवेशाला सवलत, फीला सवलत, आता नमुन्याला न तुटण्याची सवलत."

दुसरे प्राध्यापकही हसले.

मी काय केले? मी नमुना टेबलावर ठेवला, कारण सरांनी ठेव म्हटले. नमस्कार केला आणि बाहेर आलो. सवलत ही काय गोष्ट आहे हे त्या दोघांना माहीत नव्हते असे नाही. माझे वडील उन्हात रुळावर चालत होते तेव्हा त्यांना कुणी चपलांचीही सवलत दिलेली नव्हती, हे मी तिथेच म्हणायला पाहिजे होते. ते वाक्य मला पाच वाजता बसस्टँडजवळ सुचले.

दुसऱ्या दिवशी शनिवारी मी उमरेडला गेलो. वडील अंगणात पाय पाण्यात बुडवून बसले होते. मी त्यांना सगळे सांगितले, सवलतीचे सोडून. ते त्यांना सांगावेसे वाटले नाही. फॉर्ममध्ये तुटला नाही असे लिहिता येत नाही, हे ऐकून ते गोंधळले.

"काहून नाही लिहिता येत? आमी त रोज तेच सांगतो. इतकी वर्षं झाली, रोज परत येऊन सांगतो, सब ठीक. म्हणजे काय? म्हणजे नाही तुटला. त्याचाच त पगार हाय."

"अन् तुटला तर?"

"तुटला त मंग विचारतात, तुटला का तोडला? सोताहून तुटला त आमची गँग जाऊन बदलवते. तोडला असन त पोलीस येते. अन् पोलीस येऊन काय विचारते?" त्यांनी पाण्यातला एक पाय वर काढून पुसला. "कोनं तोडला, हे नाही विचारत आधी. कोनाच्या सांगन्यावरून तोडला, हे विचारते."

मला हे तेव्हा गंमत म्हणून आवडले. सोमवारी ते मला लागू पडणार आहे, हे मला माहीत नव्हते.

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत गेलो तर माझ्या टेबलावर नमुना दोन तुकड्यांत पडला होता. शेजारी नवा फॉर्म होता, अक्षर मामांचे, खाली सही सरांची. अकराव्या रकान्यात खूण केलेली होती: मध्यभागी.

फॉर्मवर तारीख शनिवारची होती आणि तुटलेल्या कडा पाहताच बाकीचे कळले: मी उमरेडच्या वाटेवर असताना, नमुना थंडच यंत्राला लावून सळई तोडतात तसा त्या जुन्याच वेगाने ओढून तोडला होता. भट्टी नाही, गिअरबॉक्स नाही; तापमानाच्या रकान्यात मात्र माझाच जुना आकडा उतरवला होता. आणि लांबी किती वाढली हे मोजताना सुरुवातीची लांबी म्हणून तो आधीच साडेपाच इंच झालेला भागच धरला होता. म्हणून फॉर्ममध्ये वाढ लिहिली होती दोन टक्के. शेवटच्या ओळीत सरांच्या अक्षरात एक शब्द होता: ठिसूळ. विभागाच्या रजिस्टरमध्येही तीच नोंद चढलेली होती. त्या प्रयोगशाळेत कधी ओढला गेला नव्हता इतका लांब गेलेला धातू कागदावर खडूपेक्षा ठिसूळ ठरला होता, कारण एक रकाना रिकामा राहता कामा नये.

मामा कोपऱ्यात पाट्या पुसत होते. मी त्यांच्यावर ओरडलो. काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवते आणि ते लिहिताना मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "तुम्हाला अक्कल नाही का? वरून सांगितलं की माना डोलवता. म्हणून तुम्ही इथेच फडकी मारत राहणार."

मामा म्हणाले, "मले सांगतलं, मी केलं." आणि फडके पिळून वाळत घातले.

सरांसमोर मी असे एक अक्षरही बोललो नव्हतो. ज्या माणसाने माझ्यासाठी यंत्राचा वेग पन्नास पट कमी केला होता, त्याच्यावर मी ओरडलो. माझा राग उतारावरच्या पाण्यासारखा जिथे सोपे तिथे वाहत गेला. सरांवरच्या रागाइतकाच मला स्वतःच्या या गोष्टीचा राग आहे.

एकच नमुना उरला होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रबंध द्यायचा होता, आणि त्या दोन टक्क्यांवर प्रबंध उभा राहिला असता तर दोन वर्षांचे काम म्हणजे मी बारीक कणांचा एक ठिसूळ धातू बनवला, एवढेच उरले असते. मी सरांकडे गेलो आणि दुसरा नमुना ओढायची परवानगी मागितली. आपण समोर बसावे अशी विनंतीही केली. ते म्हणाले, चार तास बसून रबर ताणलेलं बघायला मला वेळ नाही. पण परवानगी दिली.

मामांना सांगायला मला धीर होईना. त्यांनी विचारलेही नाही. मी भट्टी लावलेली त्यांनी पाहिली आणि ते आपले आले, गिअरबॉक्स जोडला आणि स्टूल ओढून बसले.  अडीच वाजता पुन्हा तेच झाले. साडेपाच इंच, यंत्राला जागा नाही, नमुना शाबूत. मी तो रुमालात गुंडाळून खिशात घातला. टेबलावर ठेवला नाही. फॉर्मवर पुन्हा लिहिले, नमुना तुटला नाही. सरांनी या खेपेला वाद घातला नाही. खाली लिहिले, विद्यार्थ्याच्या जबाबदारीवर, आणि सही केली.

तोंडी परीक्षा जुलैत झाली, सरांच्याच खोलीत. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, सावकाश बोलणारे. प्रबंधाच्या शेवटी सगळे फॉर्म जोडावेत असा नियम होता, म्हणून दोन्ही जोडलेले होते. एप्रिलचा माझा पहिला फॉर्म रद्द करून त्याजागी तो नवा लावलेला होता. परीक्षकांनी दोन्ही पाने समोरासमोर धरली.

"तोच धातू, तेच तापमान, असं दोन्हींवर लिहिलं आहे. एक नमुना दोन टक्के, दुसरा साडेपाच पट. हे कसं?"

मी तोंड उघडले. सर माझ्याआधी बोलले. "पहिल्या वेळी विद्यार्थ्याच्या हातून चूक झाली. नवीन होता. नंतर आम्ही ती सुधारून घेतली."

आम्ही, असे ते म्हणाले.

मला त्या क्षणी खरे सांगता आले असते. माझ्या खिशात नमुना होता. पण माझ्या डोळ्यांसमोर वसतिगृहाची ती चिठ्ठी आली, त्यांच्या अक्षरातली. मी मान खाली घातली. परीक्षकांनी मान खाली घालण्याचा जो अर्थ कुणीही घेईल तोच घेतला आणि पेन उचलले.

दारात मामा चहाचा ट्रे घेऊन उभे होते. ते आत आले आणि म्हणाले, "साहेब, त्याची चूक नाही."

सर म्हणाले, "चहा ठेवा आणि जा."

मामांनी चहा ठेवला. एक कप परीक्षकांपुढे, एक सरांपुढे, एक माझ्यापुढे. बशा सरळ केल्या. मग म्हणाले, "तो तुटला नव्हता, साहेब. म्या तोडला. थंडा."

"थंड?" परीक्षक म्हणाले. "भट्टीबाहेर? कुणी सांगितलं?"

मामांनी सरांकडे पाहिले नाही. "सांगतल्याशिवाय मी मशीनले हात लावत नाही. पंधरा वर्षं झाली."

 परीक्षकांनी मला विचारले, "हे खरं आहे?"

"हो सर," मी म्हणालो. एवढेच म्हणालो. मग रुमाल काढून नमुना त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो खिडकीजवळ नेला, पट्टीवर धरला, दोन्ही टोके पाहिली, मधे अंगठा फिरवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच नवल आले जे एप्रिलमध्ये मामांच्या चेहऱ्यावर आले होते. मी उत्तीर्ण झालो. जाताना ते सरांना म्हणाले, "रजिस्टरमधली नोंद दुरुस्त करून घ्या." सर म्हणाले, "अवश्य."

महिन्याभरात मामांची बदली कार्यशाळेच्या भांडारात झाली. कानशी आणि करवतीची पाती द्यायची आणि परत घ्यायची. हवेशीर जागा आहे, असे सगळे म्हणत होते. गिअरबॉक्स काढून कोपऱ्यात ठेवला गेला. मला तोवर एका कारखान्यात नोकरी लागली होती. निघण्याआधी मी भांडारात गेलो, पेढे दिले आणि त्या सोमवारी बोललो त्याची माफी मागितली.

"ते जाऊ दे," मामा म्हणाले. "रागात होता, बोलला. मले एक सांग उमरेड, त्या दिवशी तू काहून चूप बसला होता?"

मी म्हणालो, "मामा, सरांनी मला खोली मिळवून दिली होती."

त्यांनी पेढ्याचा अर्धा तुकडा तोंडात टाकला, चावला आणि गिळून झाल्यावर म्हणाले, "खोली सरकारची होती गा."

 

सात-आठ वर्षांनी, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, त्याच महाविद्यालयाने मला प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बाहेरचा परीक्षक म्हणून बोलावले. सर निवृत्त झाले होते. मामाही. यंत्र तेच होते. मुले सळया तोडत होती आणि फॉर्मवर खुणा करत होती, अकरावा रकाना, तीन पर्याय. परीक्षा आटोपल्यावर मी तिथल्या तरुण अधिव्याख्यात्याला म्हणालो, मला जुने रजिस्टर पाहायचे आहे. त्याने धूळ झटकून आणून दिले.

नोंद तशीच होती. दोन टक्के, मध्यभागी, ठिसूळ. त्यावर कुणी एक रेघही मारलेली नव्हती. सर अवश्य म्हणाले होते. त्यांनी ते म्हणताना परीक्षकांसाठी दार उघडून धरले होते, हेही मला आठवले. या विभागातून त्यानंतर बाहेर पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे रजिस्टर चाळले असेल, तर त्याला कळले असेल की उमरेडच्या कुणा एकाने झिर्कोनियम घालून अ‍ॅल्युमिनियम बिघडवले होते.

मी पेन काढले. समासात लिहिले: हा नमुना तुटला नव्हता. थंड स्थितीत तोडण्यात आला.

लिहून झाल्यावर वाचले आणि माझे कान तापले. तोडण्यात आला. ही माझी भाषा नव्हती, ही कचेऱ्यांची भाषा होती. तिच्यात कुणीच काही करत नाही. प्रवेश नाकारण्यात येतो, बदली करण्यात येते, नमुना तोडण्यात येतो, आणि शेवटी जबाबदारी घ्यायला फडके हातात असलेला एक माणूस उरतो. वडिलांनी अंगणात बसून सांगितले होते तेच मी विसरलो होतो. मी तोडण्यात आला हे शब्द खोडले आणि वर लिहिले: तेव्हाच्या विभागप्रमुखांनी तोडायला लावला. खाली सही केली, तारीख घातली. सहीखाली हुद्दा लिहायची पद्धत आहे. मी लिहिले, नमुन्याचा विद्यार्थी.

तो तरुण अधिव्याख्याता अस्वस्थ झाला होता. म्हणाला, "सर, जुन्या रजिस्टरमध्ये असं लिहायची परवानगी नाही. मला वर रिपोर्ट द्यावा लागेल."

"द्या," मी म्हणालो. "पण त्यात मी लिहिलं असं लिहा. लिहिण्यात आलं असं लिहू नका."